डाव्या हातानं केलेलं ग्रंथपरीक्षण

मी आजवर एकाही पुस्तकाचं परीक्षण लिहिलेलं नाही. बी.कॉम. झालेल्या माणसाकडून तशी कुणी अपेक्षाही ठेवत नाही. गिरगावातल्या एका सहकारी बँकेच्या काउंटरवर मी गेली बावीस वर्षं बसतो आणि परीक्षण करतो ते फक्त सह्यांचं. साहित्यातल्या समीक्षकाला एक पुस्तक निकालात काढायला म्हणे आठवडा लागतो. मला तीन सेकंद पुरतात. सही जुळते, नाहीतर सही जुळत नाही. तिसरा शेरा आमच्या समीक्षेत नाही.

तरीही आज मी एका ग्रंथाचं परीक्षण करायला बसलो आहे. हा ग्रंथ मध्यमवर्गाच्या घराघरांत आहे. दरवर्षी त्याची नवी आवृत्ती निघते, आवृत्तीगणिक किंमत वाढते, वर्गणीदार ती मुकाट्यानं आगाऊ भरतात, आणि इतकं असून एखाद्या दिवाळी अंकात त्यावर चार ओळी आलेल्या माझ्या पाहण्यात नाहीत. ग्रंथाचं नाव : आरोग्यविमा पॉलिसी. पृष्ठं : अठ्ठेचाळीस. टाईप : मुंगीच्या पायाएवढा. भाषा : इंग्रजी, असा माझा समज आहे.

माझ्या कपाटात हा ग्रंथ सात वर्षं लग्नाच्या अल्बमखाली सुखानं पडून होता. तो आमच्या घरी आणला सौ.च्या एका लांबच्या मामांनी. मामा विम्याचं काम करतात आणि जेवणाच्या वेळी येतात. ‘‘जावईबापू, ही नुसती ठेवून द्या. वाचायची वेळच येणार नाही,’’ असं ते पुरणपोळीवर तूप ओढून घेत म्हणाले होते. मीही वाचली नाही. बँकेत काम करणाऱ्या माणसाला छापील अटी न वाचता सही करणाऱ्यांचा मनापासून राग येतो. मात्र तो काउंटरच्या आत बसलेला असताना. बाहेर आल्यावर तोही न वाचताच सही करतो.

ग्रंथ उघडायची वेळ आली ती २०२४ सालच्या दसऱ्याच्या आदल्या दिवशी, म्हणजे ११ ऑक्टोबरला. आम्ही राहतो लालबागला. लालबागला झेंडू मिळत नाही असं नाही, पण दादरच्या फुलबाजारात तो किलोमागे वीस रुपयांनी स्वस्त मिळतो, आणि वीस रुपयांसाठी रोजच्या लोअर परळच्या दोन स्टेशनं पुढे जायचं नाही, तर मग कॉमर्सची पदवी घेतली कशाला? कवी केशवसुतांचं नाव दिलेल्या पुलाखाली ही गर्दी. खाली तुडवलेल्या झेंडूचा लगदा. त्यावर माझा पाय पडला आणि पाठोपाठ मी पडलो. डाव्या हातातली दोन किलो झेंडूची पिशवी मी जिवापाड वर धरली आणि सगळा भार उजव्या हातावर घेतला. झेंडू वाचला. मनगट गेलं.

दादरच्याच एका नर्सिंग होममध्ये डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरला आणि ‘कॉलिस फ्रॅक्चर’ असं म्हणाले. अब्राहम कॉलिस नावाच्या डब्लिनच्या शल्यविशारदानं १८१४ साली या मोडण्याचं वर्णन केलं, तेव्हा एक्स-रेचा शोध लागायला अजून ८१ वर्षं होती. त्यानं नुसतं हात चाचपून ओळखलं. आज विमा कंपनीला एक्स-रे लागतो, त्याचा रिपोर्ट लागतो, रिपोर्टवर शिक्का लागतो आणि शिक्क्यावर तारीख लागते. विज्ञान पुढे गेलं म्हणतात ते असं.

दुसऱ्या दिवशी दसरा. घरोघरी शस्त्रपूजन चालू असताना डॉक्टरांनी आपली शस्त्रं माझ्यावर चालवली, एक प्लेट आणि स्क्रू बसवले. त्या रात्री सौ.नं अल्बमखालून ग्रंथ काढून आणला. उजवा हात प्लास्टरमध्ये, झोप येत नव्हती, दुसरं वाचायला काही नव्हतं. जगातली बरीच समीक्षा अशाच परिस्थितीत जन्माला येत असावी.

आता ग्रंथाकडे वळू. मुखपृष्ठावर चौघांचं एक कुटुंब समुद्रकिनाऱ्यावर धावताना दाखवलं आहे. चौघांचेही हातपाय शाबूत आहेत. मुखपृष्ठाचा आतल्या मजकुराशी संबंध नसणं हा दोष आपल्याकडे जुनाच आहे. तो सोडून देऊ.

हा वाङ्मयप्रकार आपल्याकडे तसा तरुण. १ जानेवारी १९७३ पासून सर्वसाधारण विम्याचं राष्ट्रीयीकरण झालं, शंभरावर कंपन्यांच्या चार सरकारी कंपन्या झाल्या आणि त्या चौघींनी १९८६ साली ‘मेडिक्लेम’ नावाची पॉलिसी काढली. पुढे खाजगी कंपन्या आल्या, नावं बदलली, तरी लालबाग-परळमध्ये कुठल्याही कंपनीच्या आरोग्यविम्याला ‘मेडिक्लेम’च म्हणतात, जसं कुठल्याही वनस्पती तुपाला डालडा. गंमत अशी, की विमा आरोग्याचा असला तरी प्रकाराला नाव पडलं ते क्लेमवरून. वाचकांनी मर्म बरोबर ओळखलं. या ग्रंथात क्लेमच्या आधी काही घडतच नाही.

पहिलं प्रकरण व्याख्यांचं. कंपनी कुठलीही असो, हे प्रकरण बहुतेक शब्दश: सारखं असतं, २०१३ पासून नियामकानंच व्याख्या ठरवून दिल्या आहेत. साहित्यात याला वाङ्मयचौर्य म्हणतात, विम्यात नियमपालन. यातली ‘अपघात’ या शब्दाची व्याख्या मी चार वेळा वाचली. अपघात म्हणजे बाह्य, दृश्य आणि हिंसक साधनांमुळे झालेली अचानक, अनपेक्षित व अनैच्छिक घटना. झेंडू बाह्य होता, हे मान्य. दृश्य होता, मला दिसला नाही तो भाग वेगळा. पण हिंसक? उद्या सकाळी ज्याचं तोरण दाराला लावायचं, त्याला हिंसक म्हणायला माझी जीभ रेटेना.

दावा-अर्ज हा या ग्रंथाचा उत्तरार्ध. जुने लेखक जिथे ‘श्रीगणेशाय नम:’ लिहीत, तिथे या अर्जाच्या माथ्यावर छापलं आहे, की हा अर्ज तुम्हाला दिला म्हणजे आम्ही जबाबदारी मान्य केली असं समजू नये. इतका सावध मंगलाचरणाचा श्लोक मी पाहिलेला नाही. आत दुखापतीच्या कारणासाठी चौकटी आहेत : स्वत: करून घेतलेली, रस्त्यावरचा वाहन-अपघात, अमली पदार्थ किंवा मद्य. झेंडूला चौकट नाही. पेन डाव्या हातात धरून मी बराच वेळ विचार करत होतो. ‘‘पहिल्या चौकटीत खूण करा,’’ सौ. म्हणाली. ‘‘मी सांगितलं होतं, फुलं लालबागलाच घ्या.’’

अठ्ठेचाळीस पानांत वाचकाला खरा रस वाटेल असा भाग म्हणजे शेवटची यादी. ज्या वस्तूंचे पैसे मिळत नाहीत अशा ६८ वस्तू तिच्यात ओळीनं मांडल्या आहेत. ही यादीही नियामकाचीच. सुरुवात बाळाच्या खाण्यापासून होते. मग जन्मदाखला येतो, आणि शवागाराचं भाडंही येतं. माणसाच्या जन्मापासून मरणापर्यंतचा सगळा प्रवास एका यादीत आणणं महाकवींनाही अवघड गेलं असतं. मधल्या आयुष्यात हातमोजे आहेत, मास्क आहे, थर्मामीटर आहे, कुबड्या-काठ्या आहेत, मिनरल वॉटर आहे आणि फोटोकॉपीचा खर्चही आहे. म्हणजे कंपनीनं मागितलेल्या कागदांच्या झेरॉक्स आपण काढायच्या आणि त्या झेरॉक्सचे पैसेही आपणच द्यायचे. हात मोडलेल्या माणसासाठी तर कवीनं खास जागा ठेवली आहे. क्रेप बँडेज नाही, स्प्लिंट नाही, स्लिंग नाही आणि पुन्हा एकदा, नाव जरासं बदलून, आर्म-स्लिंगही नाही. एकच नकार दोनदा देण्याला अलंकारशास्त्रात काय म्हणतात ते मला माहीत नाही. बँकेत त्याला डबल एंट्री म्हणतात.

पण कथानकाची खरी कलाटणी यादीत नाही, ती खोलीत आहे. माझा विमा तीन लाखांचा. खोलीभाडं विम्याच्या रकमेच्या एक टक्का, म्हणजे दिवसाला ३,००० रुपये. त्या रात्री जनरल वॉर्ड भरलेला, ३,००० ची खोलीही भरलेली. रिकामी होती ती ४,५०० ची. हात लोंबत असताना माणूस खोलीभाड्याची घासाघीस करत नाही. मी म्हटलं, जास्तीत जास्त काय होईल? दोन दिवसांचे वरचे ३,००० रुपये खिशातून जातील. झेंडूत चाळीस वाचवलेले आहेतच.

इथे वाचकांनी कागद-पेन्सिल घ्यावी. एकूण बिल १,३५,४०० रुपये. त्यात खोलीचे ९,०००, सर्जन, भूल आणि ऑपरेशन थिएटरचे मिळून ७५,०००, प्लेट आणि स्क्रू २८,०००, औषधं १२,०००, तपासण्या ६,०००, आणि वर सांगितलेल्या महाकाव्यातल्या वस्तू ५,४००. आता ग्रंथातलं एक कलम असं म्हणतं, की खोली मर्यादेबाहेरची घेतली तर बाकीचे संलग्न खर्चही त्याच प्रमाणात कापले जातील. ४,५०० ची खोली, मर्यादा ३,०००; प्रमाण दोन-तृतीयांश. म्हणून खोलीचे ९,००० ऐवजी ६,००० आणि सर्जन वगैरेंचे ७५,००० ऐवजी ५०,०००. प्लेट, औषधं आणि तपासण्यांना हा नियम लागू करता येत नाही, एवढी मेहेरबानी. कंपनीनं दिले १,०२,०००. माझे गेले ३३,४००. त्यातले ५,४०० महाकाव्याचे. उरलेले २८,००० केवळ त्या खोलीचे. ३,००० रुपये जादा भाडं मला २८,००० ला पडलं. डॉक्टरांनी चाकू तोच वापरला, भूल तीच दिली. पण मी वरच्या खोलीत झोपलो म्हणून खाली थिएटरमधला चाकू माझ्यासाठी महाग झाला. दसऱ्याला माणसानं सीमोल्लंघन करावं म्हणतात. मी केलेलं सीमोल्लंघन एवढंच.

ही आकडेमोड मी आमच्या चाळीतल्या नानांना दाखवली. नाना तळमजल्यावर राहतात, पूर्वी गिरणीत साच्यावर होते. नानांनी चष्मा कपाळावर चढवला. ‘‘आमचं कार्ड असायचं, कामगार विम्याचं. गिरणीत हात सापडला की परळच्या गांधी हॉस्पिटलात न्यायचे. त्या कार्डावर रक्कमच नव्हती रे छापलेली. तीन लाख नाही न् तेरा लाख नाही.’’ कामगार राज्य विम्याचा कायदा १९४८ सालचा. पगारातून थोडे कामगाराचे, थोडे मालकाचे, आणि उपचाराला रकमेची मर्यादा नाही. ‘‘मग नाना, बरंच म्हणायचं की,’’ मी म्हटलं. ‘‘बरंच होतं,’’ नाना म्हणाले. ‘‘पण ते कार्ड नोकरीला बांधलेलं. ब्याऐंशीच्या जानेवारीत संप झाला. गिरणी गेली, तसं कार्डपण गेलं. त्यानंतर हात दुखला तर आपलं केईएम. रांग लावायची. रांगेत सही मागत नाहीत.’’

नाना सहज बोलून गेले. त्या वाक्याचा अर्थ मला पुढे जानेवारीत कळला.

त्याआधी पात्रांविषयी थोडं. या ग्रंथात विमाधारक हा नायक, पण त्याला एकही संवाद नाही. कंपनी ही नायिका, ती शेवटपर्यंत दर्शन देत नाही. सगळं नाटक चालवतो तो टीपीए, म्हणजे तिसरा पक्ष. हे पात्र २००१ सालच्या नियमावलीतून जन्माला आलं आणि त्याचं काम पडद्यामागून आवाज देण्याचं. रविवारी सकाळी दहाला डॉक्टर म्हणाले, घरी जा. मंजुरी आली संध्याकाळी साडेपाचला. साडेसात तास मी कपडे करून, पिशवी भरून, पलंगाच्या कडेला बसून होतो. नर्सिंग होम म्हणे कागद गेलेत, आवाज म्हणे कागद आलेले नाहीत. ‘आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे,’ हे वाक्य मी त्या दिवशी एकेचाळीस वेळा ऐकलं. इतक्या वेळा तर मला सौ.नंही महत्त्वाचा म्हटलेलं नाही.

भाषाशैलीच्या बाबतीत मात्र समीक्षक म्हणून मला गंभीर व्हावं लागतं. ग्रंथाच्या पहिल्या भागात ‘आम्ही’ ठायी ठायी भेटतात. आम्ही देऊ, आम्ही भरू, आम्ही सोबत आहोत. वगळलेल्या गोष्टींचं प्रकरण लागलं की हे ‘आम्ही’ अचानक नाहीसे होतात. तिथे ‘देय असणार नाही’, ‘ग्राह्य धरलं जाणार नाही’, ‘विचारात घेतलं जाणार नाही’. कोण घेणार नाही? कर्ताच नाही. शाळेत आम्हाला कर्मणी प्रयोगाचं उदाहरण असायचं, ‘रामाने रावण मारला’. तिथे निदान राम होता. इथे रावण पडलेला दिसतो, मारणाऱ्याचं नाव कुठल्याही पानावर नाही. आणि जिथे मारणाराच नाही, तिथे भांडायचं कुणाशी?

घरी गेल्यानंतरच्या साठ दिवसांचे खर्चही मिळतात, असं त्या ग्रंथात वाचून मी डिसेंबरात दुसरा दावा दाखल केला. हाताचे व्यायाम करून घेणाऱ्या बाईंच्या वीस खेपा, चारशेप्रमाणे ८,०००; औषधं आणि एक्स-रे वगैरे ३,६००; एकूण ११,६००. तोवर प्लास्टर निघालं होतं, पण बोटं अजून परक्याची वाटत होती. अर्ज ठळक सुट्या अक्षरांत भरायचा, प्रत्येक अक्षराला एक चौकट. माझं आडनाव चौकटीबाहेर सांडत होतं. शेवटी सही केली. ती पाहून मांजराच्या पावलांची आठवण होत होती.

जानेवारीत पत्र आलं. ‘आपली सही आमच्याकडील नोंदीशी जुळत नसल्याने दावा प्रक्रियेत घेता येत नाही.’

सौ. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. ज्या हाताच्या मोडण्याचा हा दावा, ज्याच्या मोडण्याचे तीन एक्स-रे आणि दोन दाखले सोबत जोडलेले, त्या हातानं सही नीट का आली नाही, असा कंपनीचा प्रश्न होता. विनोदी लेखकाला असा प्रसंग फुकट मिळतो म्हणून तिनं माझं अभिनंदनही केलं. मला हसू आलं नाही. ते वाक्य मला ओळखीचं वाटलं. ‘जुळत नसल्याने.’ ‘घेता येत नाही.’ कर्ता नाही. मी ते वाक्य बावीस वर्षं लिहीत आलो आहे. समीक्षक परक्या पुस्तकात चुका काढत बसावा आणि मधल्याच एका पानावर त्याला स्वत:चं हस्ताक्षर दिसावं, तसं झालं.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात पेन्शनवाल्यांची गर्दी होती. गर्दीत बाई होत्या. बाई म्हणजे गिरगावातल्या एका शाळेच्या निवृत्त शिक्षिका, वय ऐंशीच्या पुढे. हात कापतो. पडत्या पावसात, माझा हात मोडायच्या महिनाभर आधी, मी त्यांची पैसे काढायची स्लिप तीन वेळा परत केली होती. तीन सेकंदांचं काम. तिसऱ्या खेपेला त्या काहीच बोलल्या नाहीत, स्लिपची घडी घालून पर्समध्ये ठेवून गेल्या होत्या. पुढे त्यांचा भाचा पुण्याहून येऊन काहीतरी व्यवस्था करून गेला, असं मी नंतर ऐकलं. काय व्यवस्था, ते मी विचारलं नव्हतं.

बाईंनी स्लिप पुढे सरकवली. पडद्यावर त्यांची खातं उघडतानाची सही होती, फळ्यावर लिहिलेल्या सुविचारासारखी. स्लिपवरची सही पावसात भिजलेली.

‘‘जुळत नाही ना?’’ त्यांनीच विचारलं. ‘‘घरी अकरा वेळा गिरवून आले हो मी.’’

मी माझा उजवा हात काउंटरवर ठेवला होता. मनगटावरचा टाक्यांचा व्रण त्यांना दिसला. मी कागदावर काहीतरी लिहायला गेलो, तर अक्षर वाकडं आलं.

‘‘अगंबाई,’’ त्या म्हणाल्या, ‘‘तुमचंही माझ्यासारखंच झालं की.’’

मी उठून मॅनेजरसाहेबांकडे गेलो. रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. म्हातारपणानं किंवा आजारानं ज्यांना सही करता येत नाही, त्यांचा अंगठा घेता येतो, हाताचा नाहीतर पायाचासुद्धा. दोन साक्षीदार लागतात, त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी. साहेब स्वत: बाहेर आले, शाईचं पॅड घेऊन. बाईंनी पॅडकडे पाहिलं.

‘‘अंगठा?’’ त्या म्हणाल्या. ‘‘बत्तीस वर्षं मी पहिलीच्या वर्गाला शिकवलं. पोरांचा हात हातात धरून ‘अ’ गिरवून घेतला. आता मी अंगठा लावू?’’

साहेबांनी पॅडचं झाकण लावलं. मग मला आठवला तो दुसरा उपाय, आणि आठवला म्हणणंही खोटंच आहे, कारण तो मला रोज ठाऊक होता. सही बदलली असेल तर खातेदाराला नवीन नमुना सही देता येते. त्याचा फॉर्म असतो. तो फॉर्म बावीस वर्षं माझ्या गुडघ्याला लागून असलेल्या तिसऱ्या खणात होता. माणसाबरोबर त्याची सहीही म्हातारी होते. आमच्याकडची नमुना सही तेवढी खातं उघडलं त्या वयाची राहते. बाईंनी फॉर्मवर तीन सह्या केल्या. तिन्ही कापऱ्या, पण तिन्ही एकमेकींसारख्या. दहा मिनिटांत काम झालं.

‘‘मग हे पावसात का नाही सांगितलंत?’’ बाईंनी विचारलं. रागावून नव्हे, वर्गात विचारावं तसं.

‘तुम्ही मागितला नाहीत,’ हे उत्तर माझ्या जिभेच्या टोकावर आलं होतं. ते मी गिळलं.

त्या रात्री मी ग्रंथ पुन्हा काढला आणि त्यासोबत नियामकानं काढलेली परिपत्रकंही मुलाकडून शोधून घेतली. या खेपेला वाचकाच्या बाजूचं काय आहे तेवढंच वाचलं. आणि वाचकहो, आहे! २९ मे २०२४ च्या परिपत्रकानुसार कॅशलेसची मंजुरी एका तासात आणि घरी सोडतानाची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यायची असते; उशिरामुळे हॉस्पिटलनं जादा आकार लावला तर तो कंपनीनं सोसायचा. मी पलंगाच्या कडेला साडेसात तास बसलो होतो तेव्हा हा नियम चार महिन्यांचा झाला होता. १ जानेवारी २०२४ पासून पॉलिसीसोबत सोप्या भाषेतलं माहितीपत्रक देणं सक्तीचं आहे, आणि मागितलं तर ते आपल्या भाषेत मिळतं. म्हणजे या ग्रंथाची मराठी संक्षिप्त आवृत्तीही आहे. कंपनीनं महिनाभरात दाद दिली नाही, किंवा दिलेलं उत्तर पटलं नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येतं. त्याला फी नाही आणि वकीलही लागत नाही. खोलीभाड्याची अट नसलेल्या पॉलिसीही बाजारात आहेत, हप्ता जरा जास्त. मामांना फोन करून विचारलं, हे आधी का नाही सांगितलंत? मामा म्हणाले, ‘‘जावईबापू, तुम्ही विचारलंच नाहीत.’’ मामांवर रागवायचा अधिकार मी त्याच दिवशी सकाळी घालवून बसलो होतो.

तेव्हा या ग्रंथाविषयी माझं मत थोडक्यात असं. त्यात खोटं काही नाही. जे नाकारायचं ते नाकारू असं तो छापून सांगतो. त्याचा दोष मांडणीत आहे. जे तुमच्याविरुद्ध आहे ते तुम्ही न मागता तुमच्यापर्यंत येतं. जे तुमच्या बाजूचं आहे ते मागितलं तरच मिळतं. आणि मागायचं कधी? हात मोडलेला असताना, पलंगाच्या कडेला बसून, त्या गोष्टीचं नावही ठाऊक नसताना. हा दोष या एका ग्रंथाचा म्हणून मी मोकळा झालो असतो, पण त्याची दुसरी प्रत माझ्या तिसऱ्या खणात निघाली.

माझ्या दाव्याचं पुढे काय झालं, ही उत्सुकता रास्त आहे. सही बँकेकडून प्रमाणित करून आणा, असं आवाजानं सुचवलं. साहेबांनी पडद्यावर माझी सही काढली, अर्जावरची पाहिली आणि म्हणाले, ‘‘अरे, तुझी तर आपल्याकडेही जुळत नाही!’’ मग मीही तिसऱ्या खणातला फॉर्म भरला. पत्रात डॉक्टरांचा दाखला पुन्हा जोडला आणि शेवटच्या ओळीत, सहज म्हणून, लोकपालांचा उल्लेख केला. एकविसाव्या दिवशी ११,२०० रुपये जमा झाले. चारशे कमी का, हे मी यादी न बघताच ओळखलं. आर्म-स्लिंग.

ग्रंथ संग्राह्य आहे की नाही, हे परीक्षणाच्या शेवटी सांगायची पद्धत आहे. संग्राह्य आहे. फक्त तो अल्बमखाली ठेवू नये आणि दोन्ही हात धड असताना वाचावा. खोलीभाड्याचं कलम आधी, समुद्रकिनारा मग.

आणि मी स्वत:ही आता एका ओळीचा लेखक झालो आहे. काउंटरच्या काचेवर आतून एक पुठ्ठा लावला आहे. ‘सही बदलली असल्यास नवीन नमुना सही देता येते. फॉर्म येथे मिळेल.’ उजव्या हातानं लिहिला, व्यायाम म्हणून. कर्ता माझ्याही वाक्यात नाही, हे लक्षात आल्यावर खाली ‘मी देईन’ एवढं वाढवलं. मार्चमध्ये बाई आल्या. त्यांनी तो पुठ्ठा चष्मा सावरून सावकाश वाचला.

‘‘मजकूर बरोबर आहे,’’ त्या म्हणाल्या. ‘‘अक्षर सुधारा.’’